गोजाबाईंना हवापालट झालं

माझे थोरले दीर सोपानराव. घरात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. या माणसाला बसता येत नव्हतं. गुडघे धड होते, पाठ ताठ होती, पण बसायचं कसं हे त्यांना जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. जेवतानासुद्धा एक पाय मुडपलेला आणि एक उभा, जणू आत्ता कुणी हाक मारणार आहे. पाहुणे ओसरीवर टेकले की आबा त्यांच्याशी बोलत बोलत खुंटी ठोकायचे, दोर वळायचे, काहीच नसलं तर झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचे. मला त्यांची चीड यायची. दिरापुढं डोक्यावरचा पदर सावरून गप्प बसायचं असा तो काळ, नाहीतर एकदा तरी म्हटलं असतं, अहो, बूड टेकवा की जरा!

त्यांची बायको गोजाबाई, माझी थोरली जाऊ. मी तिला नुसतं बाई म्हणायची. ती त्यांच्या अगदी उलट. शांत, भरल्या अंगाची, सावकाश बोलणारी. दोन मुलगे, एक मुलगी, सगळी मार्गी लागलेली. गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की हळद दळायला पहिली सवाष्ण गोजाबाई. पाचजणी बसायच्या, पण जात्याच्या खुंट्याला पहिला हात बाईंचा. बाईंचा हात लागला की संसार सुखाचा होतो असं म्हणत. खरंखोटं देव जाणे, पण हा मान बाईंना फार होता. त्यांच्याकडे दागिना असा नव्हता. हा मान होता.

आमचं गाव चिंचवडच्या पलीकडं, पवनेच्या काठाला. नदीकडची काळी रानं आमच्याकडं राहिली आणि माळाची पट्टी कंपनीत गेली. बदल्यात घरटी एकाला काम मिळालं. आमच्या घरातून आबा लागले, कंपनीच्या बागेत माळी म्हणून. पहिले सहा महिने ते रोज संध्याकाळी डोक्याला हात लावायचे. "गवात लावायचं, त्याला पानी घालायचं, मोठं झालं की कापायचं, आन् जनावराला न्हाई घालायचं! फेकायचं! ह्याला काय म्हनायचं?" त्यांना त्या नोकरीचा अर्थच लागत नव्हता. पण पाणी घालायला मिळत होतं, म्हणून टिकले.

ती छप्पन्न-सत्तावन्न सालची गोष्ट. पौषातली थंडी पडली होती. नदीवरून धुकं चढून थेट गोठ्यात यायचं. बाई दर हिवाळ्यात खोकायच्या, तशा त्या वर्षीही खोकत होत्या. चुलीतली लाकडं ओली, धूर घरभर, मीही खोकत होते. अशात एके दिवशी कंपनीतल्या कारकुनानं आबांना बोलावून सांगितलं की तुमची पंधरा दिवसांची पगारी रजा शिल्लक आहे, मार्चच्या आत घेतली नाही तर बुडेल.

आबा घरी आले ते घाबरूनच. शेतकऱ्याला रजा ठाऊक नसते हो. म्हैस काय रविवारी दूध द्यायची थांबते? काम न करता पगार मिळतो, हे त्यांना आधी पाप वाटलं, मग फसवणूक वाटली. शेवटी ती रजा बुडणार आहे एवढंच डोक्यात राहिलं. बुडू द्यायचं म्हणजे काय! सांडलेले दाणे वेचणारा माणूस. त्यांनी ठरवलं, रजा घ्यायची. पण घेऊन करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते दत्तोबांनी सांगितलं. दत्तोबा सोलापूरचे, कंपनीत आबांच्याच बरोबरीनं बागेत कामाला. म्हणाले, "सोलापूरला जा की ओ आबा. माझी भैन शालन हाय तितं, गिरणीच्या चाळीत. थंडी म्हनून न्हाई बघा आमच्याकडं. वैनींचा खोकला असा पळंल. आन् मान्सं अशी की जीव लावत्यात." आबांना पटलं. आणि साहेबांच्या बंगल्यावर रोपं पोचवायला गेले असताना तिथला स्वयंपाकी त्यांना म्हणाला होता, बाईसाहेब हवापालट करायला महाबळेश्वरला गेल्यात. तो शब्द आबांना भारी आवडला. हवापालट! रानात पीकपालट असते, तसं काहीतरी कामाचं वाटलं असावं त्यांना. नुसतं फिरायला चाललो म्हणायची लाज वाटत होती, हवापालट करायला चाललो म्हणताना वाटली नाही.

इथंच सगळं फिसकटलं.

निघायच्या दिवशी आबा पुढं, डोक्यावर वळकटी, मागं बाई नवं लुगडं नेसून हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन. चिंचवड स्टेशनाकडं चालत निघाले. वेशीपाशी दहा जण शेकत बसलेले. कोंडाजी म्हणाला, "कुठं निघाली जोडी म्हनायची?" आबा थांबले, वळकटी सावरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिला घिऊन हवापालटाला चाललोय!"

शेकोटीपाशी कुणी बोललं नाही. आबांना वाटलं, दिपले.

आता आमच्या गावानं हा शब्द त्याआधी एकदाच ऐकला होता. मराठी शाळेत एक मास्तर होते, बिचारे एकटे राहत. खोकून खोकून काडी झाली त्यांची. मग एक दिवस त्यांचा भाऊ आला आणि त्यांना हवापालटाला म्हणून घेऊन गेला. कुठं नेलं ते माहीत नाही. महिनाभरानं ते वारल्याचं कळलं आणि गावानं त्यांचं अंथरूण, भांडी, खुर्चीसुद्धा नदीकाठी नेऊन जाळली. क्षय हा शब्द गावात कुणी तोंडानं उच्चारत नसे. उच्चारला तर येतो म्हणत. त्याऐवजी म्हणायचे, मास्तरांना हवापालट झालं होतं. म्हणजे गावाच्या हिशेबी ते रोगाचंच नाव.

आणि आबांनी वेशीत उभं राहून आपल्या तोंडानं सांगितलं, हिला घेऊन हवापालटाला चाललोय.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पाणवठ्यावर मी हंडा घेऊन गेले तर बाया बाजूला झाल्या. एकीनं हळूच विचारलं, "बाईंना कवापास्नं हाय?" मी म्हटलं, "काय कवापास्नं?" ती माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मी लपवतेय. कळलं तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला. माझं तोंड आधीच तिखट. मी तिथं उभी राहून सगळ्यांची आई-माई काढली. उपयोग काय? चिडली म्हणजे खरंच असणार, असं ठरलं.

तिकडं सोलापुरात या दोघांना यातलं काही माहीत नव्हतं. तिथली सगळी हकीकत बाईंनी मला नंतर इतक्यांदा सांगितली आहे की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं.

गिरणीच्या चाळीत शालनबाईंची एक खोली. त्यात शालनबाई, त्यांचे मालक, सासू आणि आता हे दोन पाहुणे. तरी शेजारपाजारच्या बायकांत भांडण लागलं, पाहुणे आमच्याकडं झोपतील म्हणून. सकाळी आठ वाजता ऊन असं की घोंगडी नको वाटावी. बाईंचा खोकला तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबला, कारण धूर नव्हता. शालनबाईंकडं कोळशाची शेगडी होती. चाळीच्या पायरीवर बायका शेंगा फोडत बसायच्या, त्यात बाई जाऊन बसल्या. "बसा की ओ वैनी, काय घाई हाय," असं दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणायचं. बाईंना आयुष्यात इतक्यांदा कुणी बसा म्हटलं नव्हतं. एकदा तर त्या उन्हं अंगावर येईपर्यंत झोपल्या. हे मला सांगताना त्या लाजल्या होत्या. रजा म्हणजे काय, हे बाईंना दोन दिवसांत कळलं. ज्यांची रजा त्यांना नाही.

आबांचं काय झालं विचारू नका. पहाटेच जाग. उठून जायचं कुठं? म्हैस नाही, विहीर नाही, बाग नाही. पहिल्या दिवशी सिद्धेश्वराच्या तळ्याला चक्कर मारली, मग दुसरी मारली, मग तिसरी. गिरणीचा भोंगा झाला की धावत दारापाशी जायचे आणि कामाला जाणाऱ्या माणसांकडं बघत उभे राहायचे. एकदा पहारेकऱ्यानं हटकलं, "काय पायजे?" आबा म्हणाले, "काय न्हाई, बघतोय." "काय बघताव?" "काम."

मग त्यांनी चाळीचं अंगण झाडायला घेतलं. दोन दिवसांनी बायका शालनबाईंकडं तक्रार घेऊन आल्या की तुमचा पाहुणा आमची अब्रू काढतोय, आमचे नवरे आता आम्हाला टोमणे मारतात. मग आबांना खाटा दिसल्या. चाळीतल्या निम्म्या बाजांचा काथ्या सैल झालेला. आबांनी एकेक बाज उन्हात काढून उसवली आणि विणायला घेतली. लोक खूश. रात्री झोपायला मिळेना म्हणून एखाददुसरा कुरकुरला, तेवढंच. कुणी हुरड्याला शेतावर नेलं, तर सगळे चटणीशी हुरडा खात बसले आणि आबा आगटीत कणसं खुपसत उभे. दर संध्याकाळी ते बाईंना म्हणायचे, "बास झालं न्हवं आता? घरी जाऊ." आणि बाई म्हणायच्या, "रजा बुडंल की."

संक्रांत आली. चाळीत हळदीकुंकू. बाईंना प्रत्येक खोलीतून बोलावणं. शेजारी एक तेलुगू विणकरीण होती, तिला मराठी येत नव्हतं. तिनं बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवला, बाईंचा हात धरून आत नेलं आणि बाईंनी आणलेल्या तांब्यातलंच पाणी गटागटा प्यायली, कारण तिच्या घरी पाणी भरायचं राहिलं होतं. बाईंनी ही गोष्ट मला सांगितली की नेहमी इथंच थांबायच्या.

त्याच संध्याकाळी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेसाठी म्हणून दत्तोबा रजा काढून आले. जत्रेत नंदीध्वजांच्या काठ्या मिरवत होत्या, त्या बघायला सगळी चाळ निघाली. दत्तोबा आबांच्या शेजारून चालत होते. थोडा वेळ घुटमळले आणि म्हणाले, "आबा, वैनींना हवापालट झालंय म्हनं? मला आधी बोलला न्हाई?"

आबा हसले. "झालंय न्हवं दत्तोबा, करतोय! करायचं असतंय ते."

"तुमच्या गावात तसं म्हनत न्हाईत ओ." आणि मग दत्तोबांनी सगळं सांगितलं. कंपनीच्या दारात गावची पोरं काय बोलतात ते. आमच्या ओसरीवरच्या रांजणाला आता कुणी हात लावत नाही ते. मास्तरांचं अंथरूण कसं जाळलं तेही कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आणि शेवटी, गावातल्या बबनरावांच्या मुलीचं लग्न माघात आहे, मुलगा महाळुंग्याचा आहे, त्या हळदीला पहिली सवाष्ण दुसरी शोधताहेत.

आबा भर गर्दीत थांबले. लोक धडकत होते त्यांना. म्हणाले, "आत्ता गाडी हाय का?"

बाई दोन पावलं मागं होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तेव्हा त्या रडल्या नाहीत. घरी आल्यावर शालनबाईंनी पाणी पुढं केलं, तर घेताना हात मागं घेतला. "माझं भांडं येगळं ठेवा," म्हणाल्या. शालनबाईंनी त्यांच्या हातात तांब्या कोंबला आणि म्हणाल्या, "खुळ्या का ओ वैनी?" तेव्हा मात्र बाई रडल्या. शालनबाई तर पुढं जाऊन म्हणाल्या, इथंच राहा, गिरणीत माणसं घेतात. बाईंच्या मनात ते आलं होतं, मला त्यांनी स्वतः सांगितलंय. इथं माझ्या हातचं पाणी पितात, तिथं कशाला जायचं? पण आबा तोवर वळकटी बांधून दारात उभे होते.

ते परत आले तेव्हा बाईंचं तोंड उजळलेलं, अंगानं भरलेल्या. मला वाटलं, आता बघतीलच लोक. तर लोक म्हणाले, मास्तरसुद्धा मधे असेच सुधारले होते.

रथसप्तमी अजून व्हायची होती, म्हणून बाईंनी हट्टानं हळदीकुंकू केलं. मी घरोघर सांगून आले. बाया आल्या, नाही असं नाही. पण उंबऱ्याच्या आत एकही आली नाही. पायरीवरच कुंकू लावून घेतलं, तिळगूळ पदरात बांधला, घाई आहे म्हणाल्या आणि गेल्या. नंतर मी शेणाची पाटी घेऊन बाहेर पडले तर गल्लीच्या वळणावर तिळाचे लाडू पडलेले, आणि कोंबड्या टिपत होत्या. मी कोंबड्यांना हाकलून सगळे वेचले आणि उकिरड्यात पुरले. बाईंच्या दृष्टीस पडायला नको होते. पण त्यांनी खिडकीतून बघितलं होतं.

आबा तर वेडेच झाले. बाईंना कंपनीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं नळी लावून तपासलं, छाती स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मग आबा दारोदार. "डॉक्टर म्हनतोय काय न्हाई! हवापालट म्हंजी नुसतं फिरायला जानं!" लोक मान डोलवायचे, "व्हय व्हय, काय न्हाई," आणि आबांची पाठ फिरली की एकमेकांकडं बघायचे. काही नसतं तर हा माणूस इतका कशाला फिरला असता? आबा जितकं सांगत तितका रोग पक्का होत गेला. कामावरून आले की भाकरी खाऊन बाहेर, पुन्हा कुणाच्या तरी ओट्यावर तेच. मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्या भावाला आवरा, बाईंना ते मारूनच टाकतील. त्यांचं धाडस झालं नाही. आणि बाई? त्या दिवसेंदिवस स्वतःच लोकांपासून लांब सरायला लागल्या. पाणवठ्यावर सगळ्यांचं झाल्यावर जायच्या. नातवंडाला जवळ घेताना तोंड वळवायच्या. त्यांना स्वतःलाच संशय यायला लागला होता की काय? डॉक्टरपेक्षा गाव खरं वाटतं माणसाला.

माघात बबनरावांच्या घरी हळद दळायचा दिवस आला. बबनरावांची आई यशोदाबाई आदल्या दिवशी बोलावणं करायला आल्या. मला म्हणाल्या, "हळदीला ये गं." आणि बाईंना म्हणाल्या, "गोजा, जेवायला ये." बाईंनी नुसतं "बरं" म्हटलं. दोन शब्दांत जे सांगायचं ते सांगून म्हातारी गेली.

बाई जाणार नव्हत्या. आबा म्हणाले, "जायचं. आपुन काय चोरी केली?" त्यांनी कामाचा खाडा केला आणि आम्ही गेलो.

मांडवात जातं मांडलेलं, त्याला हळकुंड बांधलेलं. पाचजणी बसल्या. खुंट्याला पहिला हात दुसऱ्याच बाईचा लागला. तिचं नाव मी घेत नाही, तिचा काही दोष नव्हता. गाणी म्हटली सगळ्यांनी. बाई मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या, कारण ती गाणी त्यांनीच निम्म्यांना शिकवलेली.

मग भर दुपारी पंगत. त्या दिवशी आधी सवाष्णी जेवतात, पुरुष मागून. बायकांची रांग बसली. सगळ्यांत शेवटी बाईंची पत्रावळ, आणि तिच्या नि शेजारणीच्या मधे एक माणूस आरामात झोपेल एवढी जागा सोडलेली. मी उठून त्या जागेत जाऊन बसले. यशोदाबाई माझ्याकडं बघत राहिल्या. सगळ्यांना पितळी फुलपात्रं, बाईंना मातीचं बोळकं. वाढणारीनं त्यात वरून, हातभर उंचावरून पाणी ओतलं. निम्मं बाहेर सांडलं. बाईंनी पुरणपोळीचा एक घास मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घालून बसून राहिल्या.

पुरुष समोर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. आबा तिथंच होते. मला दिसलं, ते उठले. मला वाटलं, झालं, आता हे पुन्हा डॉक्टरचं पुराण लावणार भर मांडवात. मी मनात देवाचा धावा केला.

ते मांडवात आले, थेट बायकांच्या पंगतीत. सुनांनी घाईघाईनं पदर ओढले. यशोदाबाई ओरडल्या, "अरं सोपाना, बायकांची पंगत हाय ही!"

"दिसतंय की," आबा म्हणाले.

आणि बाईंच्या पत्रावळीसमोर ते खाली बसले. चांगली मांडी घालून. बाईंनी मोडलेली पोळी उचलली, जिथं त्यांनी मोडली होती तिथूनच तुकडा तोडला, त्यांच्याच आमटीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. मग बाईंनी तोंड लावलेलं बोळकं उचललं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

आता हे समजून घ्या. आमच्यात नवऱ्याच्या ताटात बायको जेवते. त्याचं उष्टं खाते, त्यात तिचा मानच. पण नवऱ्यानं बायकोचं उष्टं खावं, आणि तेही चारचौघांत, हे आमच्या गावात कुणी बघितलं नव्हतं की ऐकलं नव्हतं.

"अवं, उठा," बाई पुटपुटल्या. "लोक बघत्यात. उठा म्हंते न्हवं..." आणि बोलता बोलता एकदम थांबल्या. आबांच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या. त्यांचे डोळे असे भरले की मला कळेना, आता नवीन काय झालं.

"भूक लागलीया मला," आबा म्हणाले. "वाढा की ओ. पोळी आना हिकडं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. मग ओट्यावरून कोंडाजी ओरडला, "सोपानराव बायकूचं उष्टं खातोय रं!" आणि सगळा मांडव फुटला. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, म्हातारे खोकेपर्यंत हसत होते, आचारी झारा घेऊन बघायला आला. आबा जेवत होते. बाईंनी उरलेली पोळी हळूच त्यांच्याकडं सरकवली.

त्या दिवसापासून गावाला दुसरा विषय उरला नाही. आबांचं नाव उष्टे आबा पडलं. कंपनीत गेले तरी पोरं मागून विचारायची, "काय आबा, वैनींचं जेवान झालं का? म्हंजी तुमचं झालं असंल!" पारावर नकला व्हायच्या. लग्न झालेल्या पोरांना आया दटावायच्या, त्या सोपानासारखा होऊ नकोस. आणि बाया! ज्या उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या त्या हे विचारायला म्हणून घरात यायला लागल्या. "खरंच का गं गोजाबाई? घरीबी खात्यात का?" असं विचारत चुलीपुढं बसायच्या, खिदळायच्या आणि बोलता बोलता मी पुढं केलेला चहा पिऊन जायच्या. कप बाईंनी विसळलेला असायचा. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एक रोग सोडून गाव दुसऱ्या करमणुकीला लागलं होतं. हवापालट मागं पडलं.

आबांना पूर्वी कुणी एक शब्द बोललं तर ते दहा ऐकवून यायचे. पण या चेष्टेला त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. ऐकायचे आणि पाटात पाणी सोडायला निघून जायचे. मला राग यायचा, माझ्या दिराची गावभर शोभा चालली आहे म्हणून. मी बाईंना म्हटलं, "बाई, आबांना सांगा की, चारचौघांत असं करायला नको होतं." बाई चुलीत फुंकर घालत राहिल्या.

वैशाखात कोंडाजीच्या मुलाचं लग्न निघालं. कोंडाजीची बायको स्वतः आली. "बाई, हळदीला या," म्हणाली. हळदीला. बाई न्हाल्या, सोलापूरला नेसल्या होत्या तेच लुगडं नेसल्या आणि गेल्या. खुंट्याला पहिला हात त्यांचा. बायकांनी गाण्यात आबांचं नाव गुंफून गुंफून त्यांची रेवडी उडवली, आणि बाई जातं फिरवता फिरवता हसत होत्या. सांडलेली हळद कोपरापर्यंत लागली होती.

परत येताना आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, एक इचारू? आबांनी ते जानूनबुजून केलं का हो? का खरंच भूक लागली व्हती?"

बाई चालत राहिल्या.

"मी त्यांस्नी कवाच इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर दुर्गे, त्या दिशी सोमवार व्हता."

आबांचा सोमवारचा उपास आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. सासूबाई गेल्या तेव्हापासूनचा. दिवेलागण होईपर्यंत ते पाण्याचा थेंब घेत नसत. तापानं फणफणले असतानासुद्धा त्यांनी तो मोडला नव्हता. त्या दिवशी हसण्याच्या नादात आम्हा कुणालाच वार आठवला नव्हता.